काफ्काची धाकटी बहीण

आकाशवाणीची केंद्रे सकाळी सुरू होण्यापूर्वी जी संकेतधून वाजते, ती ठाऊक नसलेला श्रोता आपल्या देशात विरळा. तंबोऱ्याच्या मंद गुंजनावर व्हायोलिनचे चार-दोन स्वर उमटतात, शिवरंजनी रागाची छाया क्षणभर तरळते आणि दिवस उजाडल्याची ग्वाही मिळते. कित्येक पिढ्यांनी ही धून ऐकली. परंतु तिच्या जन्मदात्याचे नाव फारच थोड्यांच्या कानी पडले असेल. तिचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वाल्टर कौफमान हे बोहेमियातील कार्ल्सबाद या गावचे ज्यू संगीतकार. १ एप्रिल १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला, बर्लिन आणि प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि १९३४ च्या आरंभी ते मुंबईच्या बंदरात उतरले. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र कौफमान यांच्याविषयी नव्हे. त्यांच्या पहिल्या पत्नीच्या माहेरी ओट्ला नावाची एक मावशी होती. तिच्या शेवटच्या चौदा महिन्यांची हकीकत मला सांगावयाची आहे. त्या हकीकतीचा शेवट ७ ऑक्टोबर १९४३ रोजी आउश्वित्झच्या छळछावणीत झाला.

ही हकीकत मुंबईपासून सुरू करण्याचे कारण आहे. यहुदी समाजावर युरोपात जो प्रलय ओढवला, तो आपल्याला फार दूरचा वाटतो. महाराष्ट्राला तर यहुदी हा शब्दसुद्धा भीतीचा किंवा द्वेषाचा वाटण्याचे काही कारण नव्हते. कुलाबा जिल्ह्यातील खेडोपाडी बेने इस्राएल मंडळी शतकानुशतके तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावे दिवेकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली, आणि मुंबईतील मांडवीचे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ सालचे. या मंडळींना धर्मावरून कोणी हुसकावल्याची नोंद आपल्या इतिहासात नाही. जेथे छळाची परंपराच नाही तेथे छळाची कल्पनाही अवघड जाते. म्हणून त्या प्रलयाची एखादी शाखा आपल्या परिचयाच्या दारापर्यंत कशी येते, हे आधी पाहणे बरे.

कौफमान मुंबईत आले तेव्हा त्यांना हिंदुस्थानी संगीतातले अवाक्षरही कळत नव्हते. कळत नाही म्हणून त्यांनी ते टाकले नाही, तर त्याचा पिच्छा पुरविला. मेहली मेहता यांच्यासारख्या वादकांना बरोबर घेऊन त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली, चित्रपटांना संगीत दिले, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. पुढे कॅनडात आणि अमेरिकेत गेल्यावर १९६८ साली त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याला आधार आहे तो पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या थाटपद्धतीचा. लखनौमध्ये वावरणाऱ्या मराठी माणसाला याचे विशेष कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. वाळकेश्वरात जन्मलेले भातखंडे १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज उभे करतात. आचार्य रातंजनकर ते नावारूपाला आणतात. आणि भातखंड्यांनी घराण्यांच्या कुलपांतून सोडवून आणलेली विद्या कार्ल्सबादचा एक निर्वासित साता समुद्रांपलीकडे पोहोचवितो. विद्येला पारपत्र लागत नाही. माणसाला मात्र लागते, आणि येथून पुढची सगळी कथा पारपत्राची, शिक्क्यांची आणि याद्यांची आहे.

कौफमान यांची पहिली पत्नी गेर्टी हेर्मान ही प्रागमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबातली. तिची आई एली, आणि एलीचा थोरला भाऊ फ्रान्झ काफ्का. काफ्का आज विसाव्या शतकातील एक थोर लेखक म्हणून जगभर ओळखला जातो; हयातीत मात्र तो प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेतील एक कायदेपंडित अधिकारी होता. १९०८ पासून १९२२ पर्यंत त्याने तेथे इमानेइतबारे नोकरी केली, कारखान्यांची पाहणी केली, अहवाल लिहिले. त्याच्या कादंबऱ्यांत जी कार्यालये आहेत, ज्या अंतहीन पायऱ्या आणि फायली आहेत, त्या अशा रीतीने आतून पाहिलेल्या आहेत. क्षयाने ३ जून १९२४ रोजी, वयाची एकेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो वारला. त्याच्या मागे तीन बहिणी राहिल्या. थोरली एली, मधली वाली, आणि २९ ऑक्टोबर १८९२ रोजी जन्मलेली सर्वांत धाकटी ओटिलिए, म्हणजेच ओट्ला.

तिघींत भावाचा जीव ओट्लावर अधिक. वडील हेर्मान काफ्का हे कर्तबगार पण कमालीचे करडे गृहस्थ. त्यांच्या दुकानात ओट्ला पहाटेपासून राबे, परंतु त्यांच्यापुढे मान तुकवीत नसे. घरात बापाला तोंडावर उत्तर देण्याचे धैर्य तिच्याच अंगी होते. भावाला ते धैर्य लेखणी हाती घेतल्यावरच येई. शहरातल्या व्यापाऱ्याच्या मुलीने शेती शिकावी ही त्या काळी चमत्कारिक गोष्ट. ओट्लाने दुकान सोडून त्स्युराउ या खेड्यात मेहुण्याची शेती अंगावर घेतली. १९१७ च्या उन्हाळ्यात काफ्काला रक्ताची उलटी झाली आणि क्षयाचे निदान झाले, तेव्हा तो विसाव्यासाठी गेला तो या बहिणीच्या शेतावर. आणि सुमारे आठ महिने तिथे राहिला. त्याआधीच्या हिवाळ्यात प्रागच्या किल्ल्यालगतच्या सुवर्णगल्लीत एक खणभर घर ओट्लाने भाड्याने घेतले होते, तेही भावाला शांतपणे लिहावयास मिळावे म्हणून त्याच्या हवाली केले. त्याच्या कितीतरी गोष्टी त्या घरात उतरल्या. शेतीचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी ती फ्रीडलांटच्या कृषिशाळेतही जाऊन आली. आपल्याकडे भावाने बहिणीला पाठीशी घालावयाचे अशी रीत. या घरात ती उलटी होती.

१९२० साली ओट्लाने योसेफ डेव्हिड या चेक वकिलाशी विवाह केला. तो कॅथॉलिक, त्यामुळे दोन्हीकडून नाराजी. परंतु ओट्लाने आपल्या मनासारखे केले. तिला वेरा आणि हेलेना अशा दोन मुली झाल्या. इथपर्यंतचे तिचे आयुष्य कोणत्याही स्वाभिमानी, मध्यमवर्गीय स्त्रीचे असते तसे आहे. इतिहासाने तिची दखल घ्यावी असे त्यात काही नाही. भावाच्या चरित्रातील एक गोड पान एवढेच. परंतु १५ मार्च १९३९ रोजी हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या, आणि त्या दिवसापासून या स्त्रीची ओळख तिच्या स्वभावावरून ठरावयाची थांबली. तिचे आजोबा-आजी कोण होते, एवढ्या एका प्रश्नावरून ती ठरू लागली.

श्रोतेहो, छळछावणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी तारा, बंदुका आणि शिकारी कुत्रे येतात. ते सर्व तेथे होतेच. परंतु शासनव्यवहाराचा थोडाफार परिचय असलेल्या माणसाला या इतिहासात अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच दिसते. ती म्हणजे त्यातील कार्यालयीन नेटकेपणा. प्रागमधून ज्यूंना हद्दपार करावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येक गाडीला एक अक्षर देण्यात आले आणि प्रत्येक माणसाला एक क्रमांक. ज्याला जावयाचे त्याने आपल्या मालमत्तेची यादी पानेच्या पाने छापील तक्त्यांत भरून द्यावयाची. सामान पन्नास किलोच्या आत आणावयाचे. घराची किल्ली स्वाधीन करावयाची. मग प्रदर्शनाच्या मैदानातील लाकडी शेडमध्ये काही दिवस थांबून पहाटे रांगेने आगगाडीकडे जावयाचे. या सगळ्यात आरडाओरड करावी लागत नव्हती. आज्ञापत्र वेळेवर पोहोचत होते, पोच मिळत होती, रकाने भरले जात होते. एखाद्या लेखनिकाने रकाना चुकविला असता तर त्याच्याकडे खुलासा मागितला गेला असता. तो रकाना भरल्याने माणूस मरतो याचा खुलासा मात्र कोणी कोणाकडे मागत नव्हते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४१ मध्ये प्रागमधून पहिल्या पाच गाड्या निघाल्या. सुमारे पाच हजार माणसे त्यांतून पोलंडमधील लोझ येथील ज्यू वस्तीत कोंडण्यासाठी नेण्यात आली. एली, म्हणजे कौफमान यांची सासू, आणि तिची बहीण वाली या दोघी त्यांत होत्या. १९४२ नंतर दोघींचाही मागमूस लागत नाही. लोझमधून ज्यांना पुढे नेले, त्यांची वाट बहुधा खेल्म्नोच्या विषारी वायूच्या मोटारींपर्यंत जात असे. ज्या वर्षी एलीची गाडी लोझला पोहोचली, त्या वर्षी तिचा जावई मुंबई केंद्रावर सुखरूप बसून वादकांच्या तालमी घेत होता. दोघांच्या गुणदोषांत असा कोणता फरक होता? फरक एकच : एकाच्या पारपत्रावर १९३४ साली एक शिक्का पडला होता, दुसरीच्या पारपत्रावर पडला नव्हता.

हा शिक्का मिळणे किती दुर्घट होते, याची आपणही नोंद ठेवली पाहिजे. हिंदुस्थानात त्या वेळी ब्रिटिशांचे राज्य. युरोपातून येणाऱ्या ज्यू निर्वासिताला नोकरीची हमी किंवा कोणा भरवशाच्या गृहस्थाचा जामीन दाखविल्यावाचून प्रवेश मिळत नसे. मुंबईतील यहुद्यांनी १९३४ साली ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन करून असे जामीन उभे केले, आणि त्यामुळे काही शेकड्यांना मुंबईचा किनारा दिसला. प्रागचे लेखक विली हास त्यांपैकीच एक. १९३९ साली ते मुंबईत आले आणि चित्रपटांच्या कथा लिहू लागले. काफ्काने मिलेना येसेन्स्का या चेक लेखिकेला लिहिलेली पत्रे तिने याच हास यांच्या स्वाधीन केली होती. १९५२ साली ती त्यांनीच संपादून प्रसिद्ध केली. ती मिलेना स्वतः मात्र १७ मे १९४४ रोजी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत मरण पावली. ती ज्यू नव्हती. ज्यूंना मदत केल्याचा तिचा अपराध. आणि ज्यांनी मुंबई गाठली, त्यांचेही दैव पूर्ण सरळ नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच ‘जर्मन प्रजाजन’ म्हणून त्यांतील अनेकांना नाझींच्याच पंक्तीला बसवून अहमदनगरच्या तळावर स्थानबद्ध करण्यात आले. पुढे पुरंदर आणि साताऱ्यासही अशा वसाहती होत्या. हिटलरच्या राज्यात ज्यू म्हणून नकोसे, इंग्रजांच्या राज्यात जर्मन म्हणून संशयित! तरीही अहमदनगरच्या तळावरून माणूस चौकशीनंतर सुटत असे. आउश्वित्झहून तशी सुटका नव्हती.

आता ओट्लाकडे वळू. १९४१ मध्ये बहिणी गेल्या तेव्हा ती राहिली, कारण तिचा नवरा ज्यू नव्हता. असा मिश्र विवाह असलेल्यांना हद्दपारीतून तूर्त वगळलेले होते. एका विवाहाच्या दाखल्याची ही ढाल. १९४२ साली ओट्ला आणि योसेफ डेव्हिड यांचा घटस्फोट झाला आणि ही ढाल गळून पडली. त्याची कारणे चरित्रकार निरनिराळी देतात. कोणी म्हणतात, नवऱ्याच्या आणि मुलींच्या मार्गातील अडसर आपण होऊन दूर व्हावा म्हणून तिनेच तो मान्य केला. कोणी दोघांतील जुन्या दुराव्याकडे बोट दाखवितात. परिणाम मात्र निर्विवाद आहे. मुली अर्ध्या ज्यू म्हणून सुटल्या. आई पूर्ण ज्यू म्हणून यादीत आली. ऑगस्ट १९४२ मध्ये तिला तेरेझिएनश्टाट, म्हणजे चेक भाषेत तेरेझिन, येथे पाठविण्यात आले.

तेरेझिन हा अठराव्या शतकात सम्राट योसेफ दुसरा याने आपल्या आईच्या, मारिया तेरेझाच्या, नावाने बांधलेला भुईकोट. तटाच्या आतले गाव काही हजार वस्तीचे. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तेथे ज्यूंची वस्ती केली. ओट्ला गेली तेव्हा आगगाडी गावात येत नसे. बोहुशोविचे स्टेशनवर उतरून सुमारे तीन किलोमीटर सामानासह चालावे लागे. सप्टेंबर १९४२ मध्ये त्या गावठाणात अठ्ठावन्न हजार माणसे कोंबलेली होती, आणि त्या एकाच महिन्यात जवळजवळ चार हजार माणसे भूक, आमांश आणि वार्धक्याने मेली. एकंदर एक लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसे तेथे आणली गेली. सुमारे तेहतीस हजार तेथेच मेली आणि सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार पूर्वेकडील छावण्यांत पाठविली गेली.

या ठिकाणाचे वैशिष्ट्य असे, की ते जगाला दाखविण्यासाठीही राखलेले होते. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसच्या पाहुण्यांपुढे बागा फुलवून, दुकाने मांडून त्याचे नाटक वठविण्यात आले. परंतु त्या नाटकाच्या आड बंदिवानांनी जे स्वतः निर्माण केले, ते खोटे नव्हते. चित्रकार फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस हिने मुलांना चित्रकला शिकविली. त्या मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. हान्स क्रासा या संगीतकाराची ‘ब्रुंडिबार’ ही बालनाटिका तेथे पंचावन्न वेळा झाली. क्रासा, व्हिक्टर उलमान, पावेल हास ही कौफमान यांच्याच काळातील बोहेमिया आणि मोराव्हियातील माणसे. ती सर्व ऑक्टोबर १९४४ मध्ये तेरेझिनहून आउश्वित्झला नेऊन मारण्यात आली. ज्या मातीतून आपली आकाशवाणीची धून आली, त्या मातीतली बाकीची झाडे अशी तोडली गेली.

तेरेझिनमध्येही सर्वांत भयंकर वस्तू होती ती यादीच. पूर्वेकडे गाडी जावयाची ठरली की किती माणसे पाहिजेत एवढे नाझी अधिकारी सांगत. नावे मात्र ज्यूंच्याच वडीलधाऱ्यांच्या मंडळाला भरून द्यावी लागत. एक नाव खोडले तर दुसरे लिहिणे प्राप्त. त्यामुळे गावातील प्रत्येक माणसाची सारी शक्ती एका गोष्टीकडे लागलेली असे : आपले नाव यादीत नसावे. त्यासाठी ओळखी, विनवण्या, स्वयंपाकघरातील किंवा दवाखान्यातील ‘आवश्यक’ कामे. यात कोणाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ओट्लाने काय केले याचे मोल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावयास हवी.

ऑगस्ट १९४३ मध्ये पोलंडमधील ब्यालिस्तोक येथील ज्यू वस्ती नाझींनी मोडावयास घेतली. तेथील ज्यूंनी १६ ऑगस्टला सशस्त्र उठाव केला आणि तो चिरडला गेला. त्या धुमश्चक्रीतून सुमारे बाराशे मुले वेगळी काढून २४ ऑगस्ट रोजी तेरेझिनला आणण्यात आली. ती येताना गावकऱ्यांनी बाहेर पडू नये, खिडक्या लावून घ्याव्यात, असा हुकूम होता. तरी फटींतून पाहणाऱ्यांनी पाहिले : हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, एकमेकांचे हात घट्ट धरून चाललेली मूक रांग. उवांमुळे त्यांना प्रथम स्नानगृहाकडे नेले. तेथे फवाऱ्यांच्या नळ्या दिसताच ती मुले किंचाळत मागे सरली. ‘वायू, वायू’ असा आक्रोश त्यांनी मांडला. तेरेझिनमधील प्रौढांना जी गोष्ट अजून ठाऊक नव्हती, किंवा जी ऐकूनही खरी वाटत नव्हती, ती पोलंडमधल्या या लहानग्यांना ठाऊक होती.

मुलांना तटाबाहेरच्या बराकींत इतरांपासून अगदी अलग ठेवले. त्यांच्या शुश्रूषेसाठी तेरेझिनमधील डॉक्टर, परिचारिका आणि सेवक अशी त्रेपन्न माणसे नेमण्यात आली. त्यांनाही परत गावात मिसळण्याची बंदी. ओट्ला आपण होऊन त्यांत गेली. नाझींच्या डोक्यात त्या वेळी या मुलांच्या मोबदल्यात काही पदरात पाडून घेण्याची बोलणी चालू होती. मुलांना परदेशी पाठविणार, असे सांगण्यात येत होते. त्यांना बऱ्यापैकी अन्नही दिले जात होते. सहा आठवड्यांत त्यांच्या अंगावर थोडे मांस चढले. मग बोलणी फिसकटली. ५ ऑक्टोबर १९४३ रोजी ११९६ मुले आणि ५३ प्रौढ यांना घेऊन गाडी निघाली. ती स्वित्झर्लंडकडे गेली नाही. ७ ऑक्टोबरला ती आउश्वित्झ-बिर्केनाऊ येथे पोहोचली, आणि त्या सर्वांना विषारी वायूने मारण्यात आले. ओट्लाला एक्कावन्नावे वर्ष पुरे व्हावयास तीन आठवडे उरले होते.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. गाडी परदेशी जाणार असेच जर सांगण्यात आले होते, तर ओट्लाच्या जाण्यात त्याग तो कोणता? कदाचित ती सुटकेच्या आशेने गेली नसेल कशावरून? थोर माणसांना अधिक थोर करण्याच्या नादात आपण अशा शंका दडपून टाकतो. ते योग्य नव्हे. शंकेला उत्तर आहे, ते वस्तुस्थितीतच आहे. पहिली गोष्ट : आपल्या दोन्ही बहिणींना गाड्यांनी कोठे नेले हे जरी ओट्लाला माहीत नसले, तरी नेल्यावर त्यांच्याकडून काय येते हे माहीत होते. काहीच येत नव्हते. दुसरी गोष्ट : ती बाराशे मुले सहा आठवडे तिच्यासारख्यांच्या हातांनी न्हात-जेवत होती, आणि स्नानगृहाच्या दारात ती का ओरडली, हे त्यांच्या सोबत राहणाऱ्याला कळल्यावाचून राहिले नसेल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आशा आणि भीती यांपैकी कोणते खरे ठरणार हे त्या बराकीत कोणालाच सांगता येत नव्हते. परंतु एक गोष्ट नक्की होती, की ही मुले निराधार आहेत आणि त्यांच्या बरोबर कोणीतरी मोठे माणूस असले पाहिजे. सुटका झाली तर मुलांबरोबर, मृत्यू आला तर मुलांबरोबर. ओट्लाने परिणामाचा हिशेब करून निर्णय घेतला नाही. आपले स्थान कोठे, एवढेच तिने ठरविले. शुद्ध कर्तव्यबुद्धी ती हीच. आपल्या परंपरेत तिला निष्काम कर्म असे फार मोठे नाव आहे. ओट्लाने कदाचित त्याला काहीच नाव दिले नसते.

तिच्या मागल्या आयुष्याकडे वळून पाहिले, की हा निर्णय आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. आजारी भावाला शेतावर नेणारी, त्याच्यासाठी सुवर्णगल्लीतले घर झाडून ठेवणारी, बापाच्या धाकाखाली इतरांची बाजू घेणारी बाई ती हीच. शौर्य हा काही एका क्षणाचा चमत्कार नसतो. ते वर्षानुवर्षे लहानसहान कामांतून अंगी मुरत असते, आणि प्रसंग आला म्हणजे फक्त दिसू लागते. भावाने आपल्या कादंबरीत असा माणूस रेखाटला, की ज्याला आपला अपराध कोणता हे अखेरपर्यंत कळत नाही आणि तरी जो त्या अदृश्य न्यायालयाच्या दारी हेलपाटे घालीत राहतो. बहिणीच्या वाट्याला ते न्यायालय प्रत्यक्षात आले. तिने हेलपाटे घातले नाहीत. ज्या यादीतून सुटण्यासाठी सर्वांची धडपड, तीत तिने आपल्या इच्छेने नाव घातले. आणि त्यामुळे त्या यादीचा सगळा अर्थच पालटून टाकला. बाकीची नावे यंत्राने लिहिली होती. हे एक नाव माणसाने लिहिले.

कार्यालयात बसून ज्याला रोज नावांच्या याद्या हाताळाव्या लागतात, मग त्या धान्यवाटपाच्या असोत, निर्वासितांच्या असोत की मतदारांच्या, त्याने हा इतिहास अवश्य वाचावा असे मला वाटते. यादी ही स्वतः निरपराध वस्तू आहे. धान्य पोहोचते ते यादीमुळे आणि गाडी भरते तीही यादीमुळे. नाझी राजवटीने जगाला दाखविलेली सर्वांत भयंकर गोष्ट ही, की पाप करण्यासाठी पापी माणसांची फार मोठी संख्या लागत नाही. आपापला रकाना चोख भरणारी, पुढच्या टेबलावर काय होते ते न विचारणारी सज्जन माणसे पुरतात. यावर कायद्याचा इलाज आहे, न्यायालयाचा आहे, वृत्तपत्रांचा आहे. आणि तो असलाच पाहिजे. परंतु शेवटचा इलाज ज्याच्या त्याच्या टेबलावरच असतो : क्रमांकाच्या शेजारी लिहिलेले नाव एखाद्या जित्या माणसाचे आहे, ही आठवण.

आउश्वित्झला पोहोचलेल्या ज्या बंद्यांना कामाला जुंपावयाचे असे, त्यांची तेथे नोंद होई, त्यांच्या हातावर क्रमांक गोंदला जाई. ७ ऑक्टोबरला आलेल्या त्या मुलांची आणि त्यांच्या सोबत्यांची तशी नोंदसुद्धा झाली नाही. एवढ्या टापटिपीच्या कारभारात ओट्ला निघाल्याचा दाखला आहे, पोहोचल्याचा नाही. मागे राहिले ते निराळेच कागद. काफ्काने ओट्लाला लिहिलेली शंभराहून अधिक पत्रे आणि चित्रकार्डे तिच्या मुलींनी युद्धातून आणि त्यानंतरच्या धामधुमीतून जपून ठेवली. १९७४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आणि २०११ साली ऑक्सफर्डचे बोडलियन ग्रंथालय आणि जर्मनीतील मारबाख येथील साहित्य-संग्रह या दोघांनी मिळून ती विकत घेतली. एका इंग्रज आणि एका जर्मन संस्थेने एका ज्यू घराचा पत्रव्यवहार समाईक मालकीने सांभाळावा, यात काळाने थोडी तरी भरपाई केली असे म्हणता येईल.

त्या पत्रांत भाऊ बहिणीची थट्टा करतो, तिच्या शेतातल्या पिकाची चौकशी करतो, वरिष्ठांना पाठवावयाचे रजेचे अर्ज चेक भाषेत नीट करून घेण्यासाठी तिच्या नवऱ्याची मदत मागतो. मृत्यूची छाया तेथे आहे ती त्याच्या क्षयाची. तिच्या मृत्यूची चाहूल कोठेच नाही. ती पत्रे वाचताना जे घर उभे राहते, ते प्रागऐवजी पुण्यात किंवा नागपुरात असते तरी चालले असते : करडे वडील, हळवा लेखक भाऊ, पदर खोचून कामाला लागणारी धाकटी बहीण. साठ लाख हा आकडा मनाला पेलत नाही, म्हणून तो पाठ होतो आणि विसरला जातो. परंतु साठ लाखांतली प्रत्येक व्यक्ती अशाच कोणत्या तरी घरातून निघाली होती, आणि त्या ११९६ मुलांपैकी कित्येकांचे तर नाव सांगावयासही घरातले कोणी उरले नाही. त्यांच्यासाठी निदान एवढे सांगता येते, की शेवटच्या प्रवासात ती एकटी नव्हती.